रस्त्यावरच्या माणसाचा हिस्सा

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम मी करते. हे काम एका जागी बसून होत नाही. चर्नी रोडला उतरून गिरगावातल्या वाडीत, दादरला उतरून हिंदू कॉलनीत, व्हीटीहून (आजच्या सीएसएमटीहून) फोर्टात, असं चालणं त्यात रोजचंच असतं. त्या चालण्यातून माझ्याकडे वह्यांची एक रांग तयार झाली आहे. या वह्यांत एकही पूर्ण इमारत सापडणार नाही. छज्ज्याची खालची कड आहे, जिन्याच्या कठड्यावरचं पितळी बोंड आहे, फाटकाच्या दोन्ही अंगांना रोवलेले दगड आहेत, दुकानाच्या पायरीला ठोकलेली लोखंडी पट्टी आहे, गटाराच्या झाकणाचा कागदावर घासून घेतलेला छाप आहे.

ही टिपणं कशासाठी, असं साइटवर अनेकदा विचारलं जातं. कामाची गरज हे त्याचं सरळ उत्तर. दुरुस्तीत एखादा भाग पुन्हा घडवायचा असेल, तर तो मूळ कसा होता आणि तसाच का होता, हे ठाऊक असावं लागतं. पण वह्या भरत गेल्या तशी दुसरी एक गोष्ट दिसायला लागली, आणि आज मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. शहरातले जे तपशील सगळ्यांत कमी बघितले जातात, त्यांतले बरेचसे त्या इमारतीशी काही देणंघेणं नसलेल्या माणसासाठी केलेले असतात. तो तिथे राहत नाही, भाडं देत नाही, दुकानात शिरत नाही, नुसता समोरून जातो. तरीही त्याला ऊन लागेल, तहान लागेल, पाय घसरेल, चार मजले चढून रिकाम्या हाती परत यावं लागेल, याचा कोणीतरी आधीच विचार करून ठेवलेला असतो. म्हणून प्रत्येक नोंदीखाली मी एक प्रश्न लिहिते: यानं कोणाची अडचण दूर केली?

फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर या प्रश्नाचं उत्तर सर्वांत ठळक मिळतं. जुना हॉर्नबी रोड तो हाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या नव्या इमारतींना तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने कमानींची ओळ सोडणं नियमाने बंधनकारक झालं. त्यामुळे रस्त्याच्या दुतर्फा छताखालून चालता येतं. वरची इमारत कुठे गॉथिक आहे, कुठे अभिजात युरोपीय थाटाची, तर कुठे घुमटाकडे झुकलेली. प्रत्येक मालकानं आपापली हौस वरच्या मजल्यांवर केली. खालचा पट्टा मात्र सगळ्यांनी चालणाऱ्यांना दिला. जमीन मालकाची, वर्दळ सगळ्या शहराची. जूनमध्ये भर पावसात छत्री मिटून या कमानींखालून चालताना त्या नियमाची किंमत कळते. एका मालकाच्या चांगुलपणावर ही सोय उभी राहिलीच नसती. दोन इमारतींनी कमान सोडली आणि तिसरीनं सोडली नाही, तर चालणारा तिथेच भिजतो.

इथली माझी टिपणं बहुतेक कमानींच्या खांबांची आहेत. खांबाच्या पायथ्याचा कोपरा धारदार नसतो. तो साधारण कमरेच्या उंचीपर्यंत मारून गोल किंवा तिरका केलेला असतो, आणि त्याच्यावर पुन्हा काटकोन सुरू होतो. गर्दीत माणसाचा खांदा, हातातली पिशवी, हमालाच्या डोक्यावरची पेटी कोपऱ्याला घासते. कोपरा मारला की दगड फुटत नाही आणि माणसाला लागत नाही. घडवणाऱ्यानं त्यासाठी छिन्नीचं काम वाढवून घेतलं. आज त्या जागी हात फिरवला तर दगड गुळगुळीत लागतो. शंभर वर्षांहून जास्त काळ लोकांच्या खांद्यांनी त्याला ती झिलई दिली आहे.

झीज हे माझ्यासाठी शोधाचं पहिलं साधन आहे. रंग कुठे उडाला आहे, लोखंड कुठे चकचकीत आहे, पायरी कुठे खोलगट झाली आहे, ते आधी बघायचं. जिथे झीज आहे तिथे वापर आहे, आणि जिथे वापर आहे तिथे कोणी तरी कधी तरी नीट विचार केलेला असण्याची शक्यता मोठी. लोकलच्या दारातला मधला खांब बघावा. माणसाचा हात जिथे सहज पोचतो, तेवढाच भाग आरशासारखा असतो. नवा कठडा किंवा मूठ आखताना मी अशा जागांची उंची मोजून ठेवते. माझी वीत किती इंचाची आहे ते मला ठाऊक आहे, त्यामुळे टेप काढून रस्त्यात उभं राहावं लागत नाही.

पाणपोयांच्या नोंदी माझ्या वहीत वेगळ्या केल्या आहेत, कारण त्यांत हा विचार सगळ्यांत उघड दिसतो. १८६० साली विहार तलावाचं पाणी शहरात आलं. पुढच्या काही दशकांत मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी आपल्या माणसांच्या स्मरणार्थ रस्तोरस्ती पाण्याची सोय केली. मशीद बंदर भागातली केशवजी नायकांची प्याऊ १८७६ सालची. फोर्टातलं रतनसी मुळजी जेठा यांचं कारंजं १८९४ सालचं, मुलाच्या आठवणीसाठी बांधलेलं. त्याचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, ज्यांनी व्हीटीचं स्थानक आणि महापालिकेची इमारत उभी केली. इतकी अवाढव्य कामं केलेला माणूस रस्त्याच्या तिठ्यावरच्या एका कारंज्यासाठीही तितक्याच मनाने बसला, याचं मला फार अप्रूप आहे.

या पाणपोयांत उंचीचा विचार बघण्यासारखा असतो. माणसासाठी पाण्याची तोटी कमरेच्या वर. गाडीला जुंपलेल्या बैलाची मान खाली जाईल त्या उंचीवर दगडी डोणी. काही ठिकाणी अगदी जमिनीलगत लहानसा खळगा, जिथे वरून सांडलेलं पाणी साचतं आणि कुत्री, पाखरं पितात. एकाच दगडी बांधकामात तीन उंची आणि पाणी पिणारे तीन तऱ्हेचे जीव. याचा छेद काढताना वरची नक्षी मी शेवटी काढते. आधी पाण्याची वाट काढते: कुठून आलं, कुठे सांडलं, कुठे साचलं, कुठून गेलं. पाण्याची वाट कागदावर उमटली की आखणाऱ्याचं डोकं कसं चाललं ते कळतं.

छायाचित्रापेक्षा रेखाटनावर माझा भर आहे, तो याचसाठी. फोनवर दिसेल ते सगळं एका क्षणात येतं आणि बघणाऱ्याला काहीच ठरवावं लागत नाही. हाताने काढताना मात्र प्रत्येक रेषेला विचारावं लागतं की तू इथे का आहेस. खांबाचा गोल कोपरा नेमका कुठे संपतो, तोटीच्या खालचा दगड बाहेर किती आला आहे, हे ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढे जात नाही. आमच्या कार्यालयात शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते. फोटो हवे तितके काढा, पण दिवसाला एक तरी छेद काढा. छेद काढला की वस्तूचं पोट दिसतं.

मुंबईत तपशील शिकवणारा सर्वांत मोठा गुरू म्हणजे पाऊस. वर्षाला सरासरी २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. इमारतीतली प्रत्येक आळशी जागा तो हुडकून काढतो. दादरमधल्या एका साधारण १९३० च्या दशकातल्या इमारतीचं काम आमच्याकडे होतं. त्या काळात सिमेंट काँक्रीट सळयांसह वापरणं रुळल्यामुळे खालून टेकू न देता लांबलचक छज्जे बाहेर काढणं शक्य झालं होतं. गजानन बाबुराव म्हात्रे यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांच्या पिढीनं हे छज्जे खिडकीपुरते न ठेवता इमारतीच्या कोपऱ्याला वळसा घालून पुढे नेले. मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, माटुंगा, शिवाजी पार्क या भागांतल्या आर्ट डेको इमारतींचा चेहरा या आडव्या रेघांनी घडला आहे. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारतींना समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या रेघांचं सौंदर्य सगळ्यांना दिसतं. त्यांच्या खालची खाच बहुतेकांना दिसत नाही, कारण ती बघायला छज्ज्याखाली उभं राहून वर मान करावी लागते.

आमच्या त्या इमारतीच्या भिंतींवर प्रत्येक खिडकीच्या दोन्ही बाजूंना शेवाळाचे काळे ओघळ होते, आणि आत पोपडे सुटले होते. रहिवाशांनी दोन-तीनदा महागडे रंग लावून पाहिले होते. परांची बांधून वर गेल्यावर छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून दोन बोटं आत, एक आडवी अस्पष्ट रेघ लागली. मूळ बांधकामात तिथे खाच होती. दर दुरुस्तीत तिच्यावर गिलावा आणि रंगाचे थर चढत गेले आणि ती बुजली.

आमच्या गवंडी मिस्त्रींनी ती बोटाने चाचपून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, पाणी लई चिकट असतं. कडेवरून सुटत न्हाई, खालून चालत भिंतीकडं येतं. मधी खाच लागली की मगच सोडतं."

यापेक्षा नेमकं स्पष्टीकरण मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. थेंब छज्ज्याच्या खालच्या पृष्ठभागाला धरून आत सरकतो. खाच आडवी आली की पुढे जाण्यासाठी त्याला वर चढावं लागतं. ते त्याला जमत नाही, आणि तो तिथेच सुटतो. बोटभर रुंदीची ही खाच भिंत कोरडी ठेवते. मिस्त्रींनी सगळ्या छज्ज्यांखालचे जुने थर काढले, ओल्या गिलाव्यात गोल सळई दाबून नवी खाच सरळ रेषेत ओढून घेतली, आणि मग रंगकाम झालं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही मुद्दाम भर पावसात तिथे गेलो. प्रत्येक छज्ज्याच्या कडेने पागोळ्या सुटत होत्या आणि भिंत सुकी होती.

तेव्हापासून पहिल्या मोठ्या पावसात शहरात फिरणं हा माझ्या कामाचा भाग झाला आहे. एरवी शांत उभ्या असलेल्या इमारती त्या दिवशी आपापलं काम करताना दिसतात. व्हीटीच्या दगडी भिंतींतून बाहेर डोकावणारे प्राणी बघायला हीच वेळ. त्यांतले काही छपरावरचं पाणी भिंतीपासून दूर फेकण्यासाठी आहेत. तिथलं पुष्कळसं कोरीवकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. मोर, माकडं, पानं, वेली त्यांनी इतक्या उंचावर कोरल्या की रस्त्यावरून त्या नीट दिसणारही नाहीत. तरीही त्यांत कुठे हात आखडता घेतलेला नाही. पण पाऊस सुरू झाला की आणखी एक गोष्ट कळते. पाणी कुठे पडेल हे ज्यानं ठरवलं, त्यानं खालून कोण चाललं आहे याचाही हिशोब ठेवला होता. जिथे माणसांची वाट आहे, तिथे वरून पाणी नेमकं अंगावर येईल असं तोंड सहसा नसतं. आजच्या कित्येक उंच इमारतींच्या वातानुकूलन यंत्रांचं पाणी भर पदपथावर ठिबकतं, त्यावरून हा हिशोब किती सुटला आहे ते दिसतं.

बाहेरच्या माणसाचा विचार आतल्या जिन्यापर्यंतही पोचलेला असतो. गिरगाव, ठाकूरद्वार, दादरच्या काही जुन्या इमारतींच्या प्रवेशात रहिवाशांच्या नावांची लाकडी पाटी आहे. नावापुढे सरकणारी एक लहान फळी. ती एकीकडे सरकवली की "आहेत", दुसरीकडे सरकवली की "नाहीत". लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत ही पाटी पोस्टमनचे, पाहुण्यांचे, औषध घेऊन आलेल्या पोऱ्याचे पाय वाचवते. त्यासाठी राहणाऱ्यानं जाता-येता बोटाने फळी सरकवण्याचे कष्ट घ्यायचे. आज बहुतेक पाट्यांवरच्या फळ्या रंगाने जागच्या जागी चिकटल्या आहेत. दुरुस्तीच्या यादीत मी ही पाटी आवर्जून धरते, आणि ती मोकळी केली की म्हातारे रहिवासी पहिल्यांदा तिलाच हात लावून बघतात.

त्याच जिन्यांच्या सागवानी कठड्यावर ठरावीक अंतराने पितळी बोंडं असतात. ती मुलांनी कठड्यावरून घसरगुंडी करू नये म्हणून. वाडीच्या फाटकाशी दोन्ही बाजूंना जमिनीत तिरके रोवलेले दगड असतात. घोडागाडीचं चाक भिंतीवर घासू नये, ते परत मार्गावर ढकललं जावं, म्हणून. घोडागाड्या गेल्या, पण ते दगड आता टेम्पोच्या चाकांना अडवतात आणि संध्याकाळी फुलवाल्या मावशींना बसायला होतात. बसच्या कपाळावर मार्गाचा आकडा देवनागरीत असणं हाही माझ्या वहीतला एक तपशील आहे. वर्षानुवर्षं बेस्टच्या लाल बसवर समोरून मराठी आकडा दिसत आला. चार यत्ता मराठी शाळेत शिकून गिरणीत लागलेल्या माणसाला लांबून आपली बस ओळखू यावी, याची ती सोय होती.

पण बाहेरच्या माणसासाठी केलेला प्रत्येक तपशील त्याच्या भल्याचा नसतो. ग्रँट रोड, फोर्ट, कुलाबा भागांतल्या जुन्या इमारतींच्या मागच्या अंगाला लोखंडी गोल जिने आहेत. ओतीव लोखंडाच्या जाळीदार पायऱ्या एका खांबाभोवती वळत वर गेलेल्या असतात. त्यांचा डौल असा आहे की परदेशी पाहुणे थांबून फोटो काढतात. हे जिने जमिनीवर हाऊसगल्लीत उतरतात. दोन इमारतींमधली ती चिंचोळी, गटाराची जागा. मैला वाहून नेणाऱ्या सफाई कामगारांनी घराच्या पुढच्या दारातून, मुख्य जिन्यावरून यायचं नाही, म्हणून हे जिने बांधले गेले. संडास मागे, जिना मागे, आणि त्या जिन्यावरून टोपली घेऊन चढणारा माणूसही मागे.

अशाच एका जिन्याचं मोजमाप घेताना त्या इमारतीत जन्म गेलेल्या एक आजी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "या कठड्याला हात लावायचा नाही, असं आम्हाला लहानपणी बजावलेलं असायचं. आता तू धरलायस ना, तोच." मग थोडं थांबून म्हणाल्या, "येणाऱ्याचं नाव मात्र आमच्यापैकी कोणाला माहीत नव्हतं."

त्या दिवशी माझ्या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न लिहिला गेला, आणि तो तिथेच राहिला आहे: हे करताना कोणाला नजरेआड ठेवलं? हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा १९९३ साली झाला आणि २०१३ साली त्याहून कडक कायदा आला, पण शहराच्या मागच्या भिंतींवर त्या व्यवस्थेचा आराखडा लोखंडात ओतलेला अजून उभा आहे. हे जिने जपावेत असं माझं मत आहे. मात्र नुसत्या नक्षीसाठी ते जपले, तर आपण त्यांचा अर्थ पुसतो. अशा जिन्याचा नकाशा मी देते तेव्हा त्यावर तो कोणासाठी आणि का होता, हे स्पष्ट मराठीत लिहिते. दुरुस्तीचा ठेकेदार, रहिवासी, पुढे कधी ती फाइल उघडणारा अभियंता, सगळ्यांनी ते वाचलं पाहिजे.

चालताना आपण डोळ्यांवर फार विसंबतो, हे मला दृष्टिहीन असलेल्या एका संगीतशिक्षकांबरोबर फोर्टात फिरताना उमगलं. कमानींच्या ओळीखाली शिरल्याबरोबर त्यांनी ते सांगितलं, कारण काठीचा आवाज बदलतो. दोन कमानींच्या मधून वाऱ्याची झुळूक आली की गल्लीचं तोंड कुठे आहे ते त्यांना कळतं. दगडी फरशी संपून सिमेंटचे ठोकळे सुरू झाले की रस्ता ओलांडायची जागा जवळ आली, हे त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. पुढे एका नव्या पदपथावर पिवळ्या उठावदार लाद्या लागल्या. जपानच्या सेइइची मियाके यांनी या लाद्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा, इतकी साधी त्यांची भाषा. आमच्या त्या पदपथावर पट्ट्या सरळ एका विजेच्या खांबावर जाऊन धडकत होत्या. सर शांतपणे म्हणाले, "लाद्या बसवणाऱ्यानं त्या पायांनी वाचून बघितल्या नाहीत." मी ती जागा वहीत घेतली. चुकलेल्या तपशिलातूनही तितकंच शिकायला मिळतं. त्यात सोय करायची इच्छा होती, पैसाही खर्च झाला होता, फक्त ज्याच्यासाठी केलं त्याच्या जागी कोणी उभं राहिलं नव्हतं.

शहराला काही तपशील फार मोठी किंमत देऊन शिकावे लागतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मुंबईतल्या एका नामवंत डॉक्टरांचा मृत्यू झाला. त्यानंतर मॅनहोलच्या झाकणाखाली लोखंडी जाळी बसवण्याचं काम सुरू झालं. झाकण गेलं तरी माणूस जाळीवर अडकेल, खाली जाणार नाही. ही जाळी कोणाला दिसत नाही आणि दिसू नये, अशीच तिची रचना आहे. मी मुंबईतल्या सुंदर तपशिलांची यादी केली, तर तिच्यात ही जाळी वरच्या क्रमांकावर घेईन.

याच्या उलट दिशेनं जाणारे तपशील आज झपाट्याने वाढताहेत. कार्यालयांच्या आणि दुकानांच्या बाहेरच्या ओट्यांवर टोकदार खिळ्यांच्या पट्ट्या बसवलेल्या दिसतात, कोणी बसू नये म्हणून. बसथांब्यांवर बाकाऐवजी दोन तिरक्या नळ्या असतात, कोणी आडवं होऊ नये म्हणून. त्यांवर म्हाताऱ्या माणसाला नीट टेकताही येत नाही. नव्या मनोऱ्यांच्या तळाशी चार-पाच मजले मोटारींचे असतात, आणि रस्त्याला लागून नुसती भिंत. तिला खिडकी नाही, ओटा नाही, सावली नाही, रात्री त्या भिंतीलगत चालणाऱ्या मुलीवर वरून कोणाची नजर नाही. हेही विचारपूर्वकच आखलेलं आहे. प्रश्न फक्त हा की विचार कोणाचा केला. याही गोष्टी मी काढते, मोजते, तारीख घालते. चांगल्याचीच वही ठेवली, तर पुढच्या पिढीला आपण शहराचं खोटं चित्र देऊ.

या सगळ्याचा माझ्या आखणीवर झालेला परिणाम अगदी ठोस आहे. आता आमच्या कार्यालयातून निघणाऱ्या प्रत्येक नकाशासंचात एक जास्तीचा कागद असतो. त्याचं शीर्षक "बाहेरच्यांसाठी". त्यावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त काही नसतं. फाटकावर पाऊस अडवेल असा छज्जा. सुरक्षारक्षकाला वारा लागेल अशी खिडकी आणि त्याच्या शौचालयाची जागा. फाटकाशेजारी दोन माणसं बसतील असा ओटा, कडा मारलेला. रस्त्यावरून वाचता येईल असा इमारतीचा क्रमांक, रात्रीही दिसेल असा. छपराचं आणि यंत्रांचं पाणी पदपथावर न सोडणारा नळ. शक्य असेल तिथे पिण्याच्या पाण्याची तोटी, आणि तिच्याखाली जमिनीलगत एक खळगा. सगळं मिळून खर्च इतका थोडा येतो की एकूण अंदाजपत्रकात तो शोधावा लागतो. तरी पहिल्या बैठकीत त्यावरच काट मारण्याची सूचना येते, आणि प्रत्येक ओळीसाठी मला उभं राहून बोलावं लागतं. तिथे माझ्या वह्या कामी येतात. आपल्याच गल्लीतला शंभर वर्षांपूर्वीचा ओटा, त्याचं माप, तिथे आज बसलेला माणूस, हे कागदावर दाखवलं की वाद पुष्कळ सोपा होतो.

मुंबईत आज जुन्या इमारती मोठ्या संख्येने पुनर्विकासात जात आहेत. रहिवाशांना चांगली घरं मिळायलाच हवीत. टेकू लावलेल्या खोल्यांत जीव मुठीत धरून राहणाऱ्यांना जुन्या नक्षीचं कौतुक सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. करारातलं चटईक्षेत्र शेवटच्या चौरस फुटापर्यंत भांडून घेतलं जातं, आणि घ्यावंच. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच बैठकीत, त्याच विकासकाकडे, आणखी एक कागद मागावा: ही इमारत रस्त्याला काय देणार? दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या मालकांना कमानी सोडणं नियमाने भाग पडलं होतं, आणि आजही त्या छताखालून लोक कोरडे घरी जातात. आपल्याकडे तसा नियम नसेल, तर सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव करता येतो. त्यासाठी वास्तुरचनाकार असावं लागत नाही. उद्या स्वतःच्या इमारतीसमोरून एक फेरी मारावी, परक्या माणसासारखी, आणि आपल्याला तिथे कुठे सावली मिळाली, कुठे टेकता आलं, कुठे पाय अडखळला, ते लिहून काढावं. ठरावाचा मसुदा त्यातूनच तयार होतो.